खालच्याच्या वावरातली आमची माती

जळण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही. शाळेत शेजारच्या वर्गाचा निकाल आमच्या वर जाऊन बसला की मी जळते. जावेचं लोणचं वर्षभर टिकलं की जळते. आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई सकाळी फिरून फिरून बारीक झाल्या, तेव्हा त्यांचं तोंड दिसू नये म्हणून मी कितीतरी दिवस जिना सोडून लिफ्टनं ये-जा केली. त्याचा परिणाम एवढाच झाला की त्या आणखी बारीक दिसायला लागल्या. पण हे सगळं माणसांवर जळणं झालं. कुणाच्या तरी वावरातल्या मातीवर जळायची पाळी माझ्यावर येईल, असं वाटलं नव्हतं. त्यातून ती माती आमचीच होती, हे आणखी वाईट.

माझं माहेर लातूरच्या जळकोट तालुक्यातलं, सासर हदगावकडचं आणि संसार नांदेडात, तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी पोरांना जमिनीची धूप शिकवते. फळ्यावर उतार काढते, उतारावर बाण काढते, आणि बोटभर माती तयार व्हायला किती पिढ्या जातात हे सांगताना आवाज जरा घोगरा करते, म्हणजे मागच्या बाकावरची पोरंही ऐकतात. त्या फळ्यावरच्या उतारावर माझाच बाप उभा आहे, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

आमचं वावर ओढ्याकाठी. त्याच्या खालच्या अंगाला ज्यांचं वावर आहे, त्यांना अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभ्या जन्मात नावानं हाक मारलेली नाही. ‘खालचा’ म्हणतात. खालच्याची म्हैस आली, खालच्यानं मोटर चालूच ठेवली, खालच्याला अक्कल न्हाई. ते अप्पांपेक्षा थोडे लहान आणि अप्पांना ‘वरचा’ म्हणणारे. मी त्यांना काका म्हणते. दोघांचं कधी फार जमलं नाही, पण फार दिवस अबोलाही टिकला नाही, कारण वावरं अशी लागून असल्यावर भांडायला तरी बोलावं लागतं.

त्या वर्षी गणपती बसल्यापासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सोयाबीन शेंगांनी लगडलं होतं, आणखी थोडी उघडीप मिळाली असती तर काढायला आलं असतं. एका सकाळी वरच्या अंगाचा पाझर तलाव फुटला. अप्पा घरी चहा पीत होते म्हणून वाचले. ओढा आपला रस्ता सोडून सरळ आमच्या वावरातून गेला, आणि पाणी ओसरलं तेव्हा सोयाबीन तर नव्हतंच, सोयाबीन ज्यात उभं होतं ती काळी मातीही नव्हती. करपलेलं पातेलं घासून घासून तळ उघडा पाडावा तसा सगळीकडे पिवळा मुरूम. काकांचं सोयाबीनही गेलंच, पण ते गाळाखाली गाडलं गेलं. फरक एवढाच. आमच्याकडची माती गेली, त्यांच्याकडे आली.

आई जाऊन काही वर्षं झालीत, भाऊ पुण्यात. अप्पा गावात एकटेच राहतात, शेजारी चुलतभावाचं घर आहे, ती वहिनी त्यांचं जेवणखाण बघते. मी धावत गेले तेव्हा अप्पा ओट्यावर बसले होते.

“अप्पा, वावरात जाऊन येऊ का?”

“काय हाय तिथं?”

एवढंच बोलले. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या वावरात पाऊल ठेवलं नाही. तिकडची वाटसुद्धा सोडली. मी त्यांना नांदेडला घेऊन आले.

आता अप्पा बरे आहेत हे ओळखायची आमच्या घरातली खूण सांगते. अप्पा बरे असले की कुणाचं काहीच बरं नसतं. चहा पाणचट असतो, जावयाची मोटरसायकल जास्त आवाज करते, पंखा वारा कमी आणि खडखड जास्त करतो, माझ्या शाळेला सुट्ट्या फार असतात. नांदेडला आलेले अप्पा यातलं काहीच बोलेनात. प्रत्येक गोष्टीला ‘हाव’.

“साखर बरोबर आहे ना?”

“हाव.”

“पंखा लावू?”

“हाव.”

“की बंद करू?”

“हाव.”

एकदा घाईत उपम्यात मीठ टाकायचं राहिलं. आमचे हे पहिल्या घासाला थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. अप्पांनी मात्र ताटली साफ केली. “कसा झालाय?” मी भीत भीत विचारलं. “बरा हाय,” म्हणाले. त्या दिवशी मी शाळेत जाता जाता जिन्यात रडले. लोक म्हणाले असतील, जिन्यानं जायला लागली, आता होईल बारीक.

मग मी उपाय सुरू केले. मोबाइलवर कुणीतरी सांगत होतं की मनाला धक्का बसलेल्या माणसाला निसर्गाच्या सान्निध्यात न्यावं. नांदेडात निसर्ग म्हणजे आधी आठवतं विष्णुपुरी. रविवारी सगळ्यांना गाडीत घालून धरणावर नेलं. दरवाजे उघडलेले, गोदावरी दोन्ही काठ धरून धडधडत चाललेली, पाण्याच्या तुषारांनी माणसं ओली होत होती आणि सेल्फी काढत होती.

आमचे हे माझ्या कानाशी आले. “पुरातून आलेल्या माणसाला तू पूर दाखवून राहिली?”

मला ते तोपर्यंत सुचलंच नव्हतं. मी अप्पांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते, कुणाची तरी वाट बघावी तसे.

“लई गढूळ हाय,” ते म्हणाले. “कुणाचं तरी वावर चाललंय.”

आणि मी, म्हणजे मला कुणीतरी तिथंच नदीत ढकलायला हवं होतं, मी म्हणाले, “अप्पा, आपल्या ओढ्याचं पाणी इकडं नाही येत. आपला उतार वेगळा आहे.” भूगोलाच्या बाईला गप्प बसता येत नाही. अप्पा म्हणाले, “हाव.”

त्यानंतर गॅलरीत कुंड्या आणल्या. तुळस, कढीपत्ता, गुलाब. नर्सरीवाल्यानं पिशवीतून लाल माती दिली, खत घालून तयार केलेली. अप्पांनी ती चिमटीत धरली, बोटांनी चोळली, हात झटकला. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचे, एखाद्या ऑफिसात हजेरी लावावी तसं. गुलाबाला कळी आली तेव्हा मी ओरडून सगळ्यांना गोळा केलं. अप्पा आले, कळी बघितली, परत जाऊन बसले. घरात सगळे हळू बोलायचे. टीव्हीचा आवाज कमी. त्यांच्यासाठी मऊ भात, मऊ भाकरी, मऊ बोलणं. मला वाटत होतं, या मऊपणातच एक दिवस माणूस जागा होईल. मनात तर मी एक दृश्यही ठरवून ठेवलं होतं, की अप्पा माझा हात धरून म्हणताहेत, ‘माय, तू होतीस म्हणून मी सावरलो.’ आणि पुण्याचा भाऊ ते शेजारी उभा राहून ऐकतोय.

दसऱ्याच्या आसपास गावाकडून वहिनीचा फोन आला. मी भाकऱ्या थापत होते म्हणून फोन स्पीकरवर लावला.

“बाई, काय सांगू, खालच्यांच्या वावरात गुडघाभर गाळ बसलाय म्हणं. काळाभोर. तुमच्या वावरातला गेलेला समदा तिथंच. आता ते त्यात हरभरा पेरणार हायेत.”

बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

“कोण पेरणार हाय?”

मी तवा तसाच सोडून बाहेर आले. अप्पा खुर्चीतून उठले होते.

“खालचा?” ते म्हणाले. “माझ्या मातीत? आन् हरभरा? आरं त्याला हरभरा पेरता येतो का? मागं घातला व्हता तर माणसाला बसाय जागा न्हाई इतका दाट पेरला व्हता येड्यानं!”

इतकी वाक्यं त्यांनी नांदेडला आल्यापासून एकत्र बोलली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आनंदाच्या मागोमाग लगेच ते आपलं ओळखीचं जळकं आतून आलं. विष्णुपुरी मी दाखवली, कुंड्या मी आणल्या, बिनमिठाचा का असेना उपमा मी केला, आणि तोंड उघडलं ते खालच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पिशवी घेऊन दारात उभे. “मला एसटीत बसवून दे.”

“अप्पा, दिवाळी झाल्यावर जा ना.”

“तवर तो पेरून बसंल.”

गेले. कुंड्यांना पाणी कोण घालणार, हेसुद्धा विचारलं नाही.

त्यानंतर गावाकडच्या बातम्या वहिनीकडून कळायच्या. अप्पा सकाळी भाकरी बांधून काकांच्या वावरात जातात. जाताना आमच्या वावरातून सरळ वाट आहे, ती सोडून गाडीवाटेनं भलामोठा वळसा घालून पलीकडून शिरतात. दिवसभर तिथं असतात. काय करतात? भांडतात.

मला राहवेना. एका रविवारी मी स्वतः गेले. काकांच्या वावराच्या कडेला अप्पा काठी टेकून उभे होते आणि काका तिफण धरून पेरत होते. त्यांना वाटलं नव्हतं मी येईन, म्हणून मला अस्सल ऐकायला मिळालं.

“वाफसा तर येऊ द्यायचास! ओल्यात पेरलालास व्हय?”

“हाताला चिकटलालीय का माती? न्हाई ना? मग वाफसाच हाय.”

“माझी माती हाय ती. तिला सुकाय किती दिस लागतेत ते मला ठाव हाय.”

“ती आता माझ्याकडं नांदाय आलीय, वरच्या. माहेरच्यानं लई बोलू नये.”

“नांदवाय येतंय का तुला?”

“तू हाईस की शिकवाय. बस तिथं, आन् बघ.”

आणि अप्पा खरंच बसले, बघायला लागले, आणि बघता बघता पुन्हा चुका काढायला लागले. चेहऱ्यावर रंग होता. आवाज खणखणीत होता. मी लिंबाच्या झाडाखाली उभी होते आणि माझ्या आत काहीतरी करपत होतं.

कारण नांदायला तर मीही गेले होते. इतकी वर्षं झाली. लग्नानंतर अप्पा माझ्या सासरी हदगावला किती वेळा आले असतील? आले तरी पाहुण्यासारखे, चहा प्यायले, टोपी सारखी केली, निघाले. माझ्या सासूला कधी म्हणाले नाहीत, ‘माझी लेक हाय ती, तिला कसं वागवायचं ते मला ठाव हाय.’ आणि ही माती सासरी जाऊन महिना झाला नाही, तर बाप रोज डबा घेऊन हजर! माणसानं मातीवर जळू नये हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही, हेही मला खूप आधीपासून माहीत आहे.

अप्पांनी मला बघितलं. “आलीस? हिकडं ये, दाखवतो.” गाळाच्या एका बाजूला बारीक हिरवी पानं उगवली होती. “ओळख.”

मी वाकून वास घेतला. कोथिंबीर.

“आपल्या वाफ्यातलं धणं. मातीसंगं वाहून आलं. तरी हा म्हणतो, माती तुझी कशावरून.” अप्पा काकांकडे हात करून ओरडले, “कशावरून म्हणतोस न्हवं? आता बोल!”

“बरं बाबा, कोथिंबीर तुझी,” काका म्हणाले. “भाजीत घालताना तुझं नाव घेऊ.”

दुपारी काका पाणी प्यायला बांधाशी आले तेव्हा मी विषय काढला. माझ्या मते मी फार गोड बोलले.

“काका, उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून ही माती परत आमच्या वावरात टाकायचं बघायचं का?”

काकांनी तांब्या खाली ठेवला. “ने की, माय. ट्रॅक्टर मीच देतो. फक्त तुझी कोणती आन् माझी कोणती, तेवढं निवडून ने.”

“पण तुमच्या खाली आमचीच आहे ना सगळी?”

“आन् माझी?” ते म्हणाले. “माझी काय घरी बसली व्हती का? माझी वरची पार खालती गेली, त्या फाट्यावरच्याच्या वावरात. तो बी माझ्या मातीत ज्वारी करलालाय. मी त्याच्या वावरात जाऊन बसावं म्हणतो. पण हा सोडंल तर!”

अप्पा हसले. पूर आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं, तेही काकांच्या विनोदावर. मी एसटीत बसले ती अगदी ठरवून, की आता आठ दिवस फोन करायचा नाही. उतरता उतरता फोन केला.

पण एक गोष्ट मला सलत होती आणि ती निव्वळ जळकेपणा नव्हती. अप्पा बरे झाल्यासारखे दिसत होते ते दुसऱ्याच्या वावरात. स्वतःच्या वावरात अजून पाय टाकत नव्हते. वळसा घालून जायचे, तिकडे पाठ करून बसायचे. बोलता बोलता काठीनं दिशा दाखवायची वेळ आली तरी तिकडे काठी वळायची नाही. काकांचा हरभरा निघेल, मग पुढे? त्या मुरमाकडे हा माणूस कधीच बघणार नसेल, तर मग हे बरं होणं कितीसं खरं?

दिवाळीला ते आले नाहीत. “हरभरा उगवून आलाय. खालच्याला एकट्याला जमणार न्हाई.” मी केलेल्या करंज्या आम्हीच खाल्ल्या, आणि रागानं जास्त खाल्ल्या.

मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या लातूरकडे त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप घालायची, म्हणजे छोटी खोपच, तिच्यात पाच दगडांना पांडव म्हणून बसवायचं, भज्जी, भाकरी, बाजरीच्या पिठाचे उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा, वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, आणि ताकातली आंबील सगळ्या वावरभर शिंपडायची. आमच्या ह्यांच्या हदगावला यातलं काही नसतं. त्यांना इतक्या वर्षांनीही ती एक प्रकारची शेतातली सहल वाटते.

मी फोन केला. “अप्पा, यंदा कोप आपल्या वावरात घालायची. आंबील मी करून आणते.”

पलीकडे काठी आपटल्याचा आवाज आला.

“मुरमात कशाची कोप? पांडवाला काय दाखवू, दगडं?”

“पांडव दगडाचेच असतात की अप्पा.”

“लई शानी झालीस,” असं म्हणायला हवं होतं त्यांनी. म्हणाले नाहीत. फोन ठेवला.

तरी मी ज्वारीचं पीठ आंबवायला घातलं. फ्लॅटमध्ये ताक आणि आंबलेलं पीठ झाकून ठेवलं की शेजारच्यांनासुद्धा कळतं. “घरात काय सडून राहिलं?” ह्यांनी दोन वेळा विचारलं. मी सांगितलं, माझं नशीब. आंबील केली, बिंदगीत भरली, म्हणजे डोक्यावर न्यायच्या त्या छोट्या घागरीत, तोंडाला फडकं बांधलं, आणि गाडीच्या मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसले. ह्यांना पुढं ड्रायव्हरसारखं एकट्याला बसावं लागलं. त्याबद्दल त्यांना काय वाटलं ते आरशात दिसत होतं.

पोचलो तर अप्पा कोप बांधत होते. काकांच्या वावरात. हरभरा सुरेख होता, हे मला सांगावं लागतंय, नाहीतर सांगितलं नसतं. पोटरीच्या वर आलेला, फुलांनी भरलेला, आणि काळ्या मातीला अशी भेग पडलेली की हात घालावासा वाटावा. त्याच्या वरच्या बाजूला आमचं वावर, उघडं, पिवळं, उन्हात चमकणारं.

“आलीस व्हय. ठेव बिंदगी तिथं काकूपाशी,” अप्पा म्हणाले. झालं. माझी आंबील, आमची माती, आमचे अप्पा, आणि पांडव खालच्याचे.

काकूंनी म्हणजे काकांच्या बायकोनं भज्जी वाढली. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, गाजर, चिंच, आणि वरून ती कोथिंबीर. मी ठरवलं होतं की कमी खायचं, म्हणजे त्यांना कळेल. पहिला घास घेतला आणि ठराव मोडला. तीन वेळा वाढून घेतली. “आणखी घे माय, लाजू नको,” काकू म्हणाल्या, आणि वर त्यांनी आमच्या आंबिलीचं कौतुक केलं, की “शहरात बी बरी जमती की.” त्या ‘बी’नं माझी दुपार खराब झाली. आमचे हे तर भाकरीवर भज्जी घेऊन काकांच्या शेजारी मांडी घालून बसले होते, जन्मापासून लातूरचे असल्यासारखे.

ऊन कललं तसं आंबील शिंपडायची वेळ झाली. पुढं अप्पा लिंबाचा डहाळा घेऊन, त्यांच्या मागं मी बिंदगी काखेत घेऊन, मग काका, काकू, आमचे हे. अप्पा डहाळा बुडवायचे, हरभऱ्यावर शिंपडायचे, आणि ती आमच्याकडची आरोळी द्यायचे, अर्धी मराठी, अर्धी कानडी, जिचा अर्थ मी अजून कुणाकडून ऐकलेला नाही आणि जी ऐकली की मात्र अंगावर काटा येतो. वावराच्या तीन कडा झाल्या. चौथी कड आमच्या वावराला लागून. तिथं काळी माती पातळ होत होत मुरमात मिसळली होती. बांध पुरानंच नेला होता, त्यामुळे कुठं काकांचं संपतं आणि कुठं आमचं सुरू होतं, ते सांगायला काहीच उरलं नव्हतं.

अप्पांचे पाय तिथं हळू झाले. ते वळणार होते. मला पाठीवरून कळलं.

“झालं, झालं,” काका मागून म्हणाले. “हितवर माझं. पलीकडं तुझं. फिर माघारी.”

अप्पा थांबले. “हितवर?”

“हाव. हितं तर बांध व्हता.”

“हितं बांध व्हता?” अप्पा गर्रकन फिरले. “आरं बांध हितं कुठला? पुराच्या आडून तुझा मुरूम माझ्या पदरात टाकतोस व्हय रं?”

“मी कशाला टाकू? बांधावरचं बोर हितं व्हतं.” काकांनी पायानं जागा दाखवली.

“बोर? बोर हितं?”

“हितंच. तुझं वय झालंय, वरच्या, तुला आठवना.”

“मला आठवना? मला? बोर व्हतं तिकडं!” आणि अप्पा डहाळा हातात धरून तरातरा निघाले. हरभरा संपला, काळी माती संपली, ते चालतच राहिले, आणि मुरमात चांगले आत जाऊन त्यांनी एका जागी पाय आपटला. “हितं! हितं व्हतं बोर! ह्याच्या खालती तुझं, वरती माझं!”

पायाखाली मुरूम करकरला. अप्पांनी खाली बघितलं.

काकू काहीतरी म्हणणार होत्या, काकांनी त्यांना हातानं गप्प केलं. काकांनी हे मुद्दाम केलं, की त्यांना खरंच त्यांच्याकडची मुरमाची पट्टी आमच्या गळ्यात मारायची होती, हे मला अजून ठरवता येत नाही. मन मोठं नसल्यामुळे मी दुसरंच धरून चालते.

अप्पा खाली बसले. मुरमाचा एक खडा उचलला, बोटांनी दाबून बघितला, फुटतो का ते बघितलं. दुसरा उचलला. मग त्यांनी मान वर करून त्या सगळ्या उघड्या वावराकडं, पार ओढ्यापर्यंत, एकदा बघून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी असेल तर ते लांबून दिसत नव्हतं आणि जवळ जायची मला भीती वाटत होती.

“तलावातला गाळ आणून टाकावा लागंल,” ते बोलले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आवाज फुटला.

“आगं उभी काय राहिलीस? आण की बिंदगी हिकडं!”

मी धावले. मुरमावरून धावायची सवय नाही, चप्पल निसटली, आंबील हिंदकळून साडीवर आली.

“सांडलालीस समदी! वाकडी कशाला धरतीस? काखेत धर, काखेत. शाळेत पोरांला काय शिकवतीस कुणास ठाऊक.” डहाळा बुडवला, शिंपडला. “आंबील बी पातळ केलीय. पाणी स्वस्त हाय व्हय नांदेडात?” पुन्हा बुडवला, शिंपडला, आरोळी दिली. दगडांवर पांढरे थेंब पडत होते आणि लगेच सुकत होते. “चल, चाल बिगीबिगी, माझ्या मागं मागं काय करतीस, बरोबर चाल.”

मी बरोबर चालले. पायाला खडे टोचत होते, साडी ओली होती, आणि माझ्याइतकी सुखी बाई त्या वेळी जळकोट तालुक्यात दुसरी नसावी. इतके महिने ती बोलणी खालच्यांच्या वाट्याला जात होती. आता ती मला मिळत होती, आणि भरभरून. मी मागं वळून काकांकडे बघितलं, म्हणजे त्यांनी बघावं म्हणून.

काका हातवारे करत होते. “दगडं आंबील पेतेत व्हय रं?”

“माझी हायेत, पेतील न्हाईतर पडतील! तू तुझा हरभरा बघ!” अप्पा ओरडले, आणि पुढच्या कोपऱ्याकडे निघाले.

परतीच्या वाटेवर मी ह्यांच्या शेजारी पुढं बसले. बिंदगी रिकामी मागं पडून होती.

“बघितलंत ना, मला किती बोलले,” मी म्हणाले.

“हं.”

“शाळेवर आले. आंबिलीवर आले. साडीबद्दल बोलायचं तेवढं राहिलं.”

हे गाडी चालवत हसले. “मला तर त्यापेक्षा जास्त बोलले. तू हात धुवायला गेली होतीस तेव्हा. ‘जावईबापू, गाडी कुठं लावलीय, काय रानात शिरवून राहिलात, उन्हाळ्यात गाळ टाकाय ट्रॅक्टर हिथून येणार हाय, रस्ता सोडा.’ मग गाडीबद्दल बोलले, मग हदगावबद्दल. चांगली दहा मिनिटं.”

“दहा मिनिटं?”

“जास्तच.”

मी मनातल्या मनात माझी मिनिटं मोजली. मला दोन मिनिटांच्या वर काही मिळालेलं नव्हतं.